वाचकांचे प्रश्न : बॉयलर, कूलिंग टॉवर आणि आरओच्या पाण्याचा हिशेब

कारखान्यातील पाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. सदराच्या रीतीप्रमाणे पत्रलेखकांची आणि कारखान्यांची नावे गाळली आहेत. बहुतेक पत्रांमागे एकच अडचण दिसते. बिघाड झाला की केमिकलचा डोस वाढवला जातो, पण पाण्याबरोबर आत गेलेला क्षार नेमका कुठे गेला, हे कोणी मोजत नाही. तो ब्लोडाऊनमधून, म्हणजे क्षार साचू नयेत म्हणून सोडून दिलेल्या पाण्यातून, बाहेर पडला, वाफेबरोबर पुढे गेला की आतच बसला, एवढे कळले तरी निम्मे उत्तर मिळते.

प्रश्न : आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये ताशी ३ टन वाफेचा, १० किलो दाबाचा बॉयलर आहे. बोअरचे पाणी सॉफ्टनरमधून जाते आणि सकाळच्या चाचणीत हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) शून्य येतो. तरीही वार्षिक तपासणीसाठी बॉयलर उघडला की ट्यूबवर करड्या रंगाचे टणक स्केल (क्षारांचा थर) निघतेच. पुरवठादार म्हणतो की केमिकलचा डोस दुप्पट करा. करावा का?
— पर्यवेक्षक, इचलकरंजी

उत्तर : तूर्त करू नये. आपली चाचणी सकाळी होते आणि सॉफ्टनरचे रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन, म्हणजे क्षार धरणारे मणी, पुन्हा ताजे करणे) बहुधा रात्रपाळीत होत असावे, म्हणजे रेझिन सर्वांत ताजे असताना आपण पाणी तपासता. सॉफ्टनर दगा देतो तो फेरीच्या शेवटी. तेव्हा पुढचे रिजनरेशन सुरू करण्याच्या अर्धा तास आधी नमुना घ्यावा आणि त्यात बफर व इंडिकेटर टाकून पाहावे. निळा रंग आला तर ठीक. वाइनसारखी लालसर छटा दिसली तर हार्डनेस निसटतो आहे. आठवडाभर अशा नोंदी ठेवल्यास डोसचा प्रश्न बहुधा उरणारच नाही.

दोन रिजनरेशनमध्ये सॉफ्टनरने किती पाणी द्यावे, हा आकडा अनेक ठिकाणी यंत्र बसवले त्या दिवशी ठरतो आणि पुढे बदलत नाही. बोअरचे पाणी मात्र ऋतूप्रमाणे बदलते. समजा, टाकीत १०० लिटर रेझिन आहे आणि एका लिटरमागे ते कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने ५० ग्रॅम हार्डनेस धरते, तर एका फेरीची एकूण क्षमता ५ किलो झाली. पावसाळ्यानंतर पाण्याचा हार्डनेस लिटरला २५० मिलिग्रॅम असेल, तर या क्षमतेत २० घनमीटर पाणी मिळेल. उन्हाळ्यात तोच ५०० झाला, तर १० घनमीटरमध्येच रेझिन संपेल आणि उरलेले १० घनमीटर पाणी जवळजवळ जसेच्या तसे बॉयलरमध्ये जाईल. मिठात काटकसर केली तरी हेच घडते. रेझिनच्या एका लिटरमागे साधारण १०० ते १६० ग्रॅम मीठ, १० टक्क्यांच्या आसपासचे ब्राइन (मिठाचे पाणी) आणि २० ते ३० मिनिटांचा संथ प्रवाह मिळाला नाही, तर वर सांगितलेली क्षमता कागदावरच राहते. घाईत पाच मिनिटांत ब्राइन ओढून घेणारे ऑपरेटर कमी नाहीत.

थोडा हार्डनेस निसटला तर काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या बॉयलरला दिवसाला ६० घनमीटर पाणी लागते असे धरू. त्यात सरासरी फक्त ५ मिलिग्रॅम हार्डनेस निसटला, तरी दिवसाला ३०० ग्रॅम आणि ३०० दिवसांत ९० किलो क्षार आत गेला. त्यातला काही भाग गाळ होऊन तळाच्या ब्लोडाऊनमधून निघून जातो, पण जो ट्यूबवर बसतो तो महागात पडतो. ट्यूबच्या पाण्याकडील बाजूस १ मिलिमीटर थर बसला, तर इंधन साधारण ५ ते ८ टक्के जास्त लागते, असे ऊर्जा बचतीच्या क्षेत्रात धरले जाते. शिवाय त्या थराखालचा धातू तापून फुगण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

पुढची पायरी म्हणजे स्केलच ओळखणे. एक खपली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावी. ती फसफसून विरघळली तर कार्बोनेट, म्हणजे दोष सॉफ्टनरच्या गळतीचा आहे. गरम केल्यावरही ती काचेसारखी तशीच पडून राहिली, तर सिलिकाचा संशय घ्यावा. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधून येणाऱ्या भूजलात सिलिका बरीच असते, लिटरला ४०-५० मिलिग्रॅम सापडल्यास आश्चर्य वाटू नये. सॉफ्टनर कॅल्शियम व मॅग्नेशियम धरतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. सिलिका आणि टीडीएस, म्हणजे पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार, यांना तो हातही लावत नाही. सिलिका पाण्यात विरघळलेली राहावी म्हणून बॉयलरच्या पाण्यात पुरेशी कॉस्टिक अल्कलिनिटी (कॉस्टिक सोड्यामुळे येणारा अल्कधर्मीपणा) लागते, आणि सिलिकाचे प्रमाण त्या अल्कलिनिटीच्या ०.४ पटीच्या आत ठेवावे, असा संकेत आहे. आपला पुरवठादार दरमहा अहवाल देत असेल तर त्यात सिलिकाचा रकाना आहे का, ते पाहावे. बहुतेक अहवालांत तो नसतो.

आता ब्लोडाऊन. कमी व मध्यम दाबाच्या बॉयलरसाठी असलेल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०३९२ मध्ये, आपल्या दाबाच्या बॉयलरच्या पाण्यासाठी टीडीएसची मर्यादा ३५०० मिलिग्रॅम दिली आहे. फीड वॉटरचा, म्हणजे बॉयलरला दिल्या जाणाऱ्या पाण्याचा, टीडीएस ४०० असेल, तर वाफेच्या तुलनेत ४०० भागिले ३१००, म्हणजे सुमारे १३ टक्के पाणी ब्लोडाऊनमध्ये सोडावे लागेल. डोस दुप्पट केल्याने हा टीडीएस वाढतो आणि ब्लोडाऊनही वाढवावा लागतो. गरम पाणी गटारात जाते आणि केमिकलही त्याच वाटेने जाते. तळाचा ब्लोडाऊन व्हॉल्व्ह एकदाच बराच वेळ उघडून ठेवण्यापेक्षा पाळीत अनेकदा थोडा थोडा वेळ उघडल्यास गाळ अधिक चांगला निघतो आणि लेव्हल घसरण्याचा धोकाही टळतो. टीडीएस मोजताना नमुना सॅम्पल कूलरमधून थंड करूनच घ्यावा. उकळते पाणी थेट बाटलीत घेतले तर त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि आकडा खोटा वाढलेला दिसतो.

प्रश्न : सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या मालिकेच्या) पहिल्या बॉडीचे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) आम्ही बॉयलर फीडला वापरतो. हंगामात दोनदा बॉयलरचे पाणी तपकिरी झाले आणि पीएच घसरला. पहिल्या बॉडीच्या कंडेन्सेटमध्ये तर एक्झॉस्ट स्टीमच (टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ) असते. मग त्यात साखर येते कुठून?
— केमिस्ट, सांगली जिल्हा

उत्तर : आपला तर्क चालू स्थितीपुरता बरोबर आहे. पहिल्या बॉडीच्या कॅलॅंड्रियात, म्हणजे ट्यूबभोवतीच्या वाफेच्या कप्प्यात, टर्बाइनची एक्झॉस्ट स्टीम असते आणि तिचा दाब आतल्या रसाच्या बाजूपेक्षा जास्त असतो. त्यामुळे एखादी ट्यूब चिरलेली असली तरी चालू असताना गळती वाफेकडून रसाकडे होते आणि कंडेन्सेट स्वच्छ दिसते. पण ऊस संपला, मिल अडकली किंवा वीज गेली की एक्झॉस्ट बंद होते, कॅलॅंड्रियातील वाफ थंड होऊन आकसते, दाबाचा फरक उलटतो आणि त्याच चिरेतून रस कंडेन्सेटच्या बाजूला ओढला जातो. काम पुन्हा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे जे कंडेन्सेट फीड टॅंककडे जाते, त्यात ती साखर असते. आपल्या नोंदवहीत त्या दोन्ही घटनांच्या आधी स्टॉपेज होते का, हे पाहावे. दुसऱ्या आणि त्यापुढच्या बॉडीच्या कंडेन्सेटची गोष्ट निराळी आहे. ते रसाच्याच वाफेचे असते आणि उकळत्या रसाचे तुषार वाफेबरोबर उडून केव्हाही त्यात येऊ शकतात, म्हणून ते इंबिबिशन (उसाच्या चिपाडावर पाणी शिंपडणे), धुलाई अशा कामांना लावणेच बरे.

उपाय म्हणजे प्रत्येक स्टॉपेजनंतर पहिले कंडेन्सेट बाहेर काढून टाकावे आणि अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी निर्दोष आल्यावरच ते फीड टॅंककडे वळवावे. चाचणी आपल्या हातची आहे, तरी नव्या शिकाऊ मुलांसाठी लिहितो. परीक्षानळीत सुमारे २ मिलिलिटर थंड केलेला नमुना घ्यावा, अल्कोहोलमधील अल्फा-नॅफ्थॉलचे काही थेंब टाकावेत आणि नळी तिरकी धरून तीव्र सल्फ्युरिक आम्ल भिंतीवरून सावकाश सोडावे, म्हणजे ते न ढवळता तळाशी जाते. दोन थरांच्या सीमेवर जांभळे वलय उमटले तर साखर आहे. नळी हलवली तर वलय विस्कटते, आणि आम्ल घाईने ओतले तर ते उसळून हातावर येते. चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय ही चाचणी करू देऊ नये. कंडेन्सेटच्या ओळीवर कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटर लावून निर्धास्त राहणारे कारखाने आहेत. शुद्ध साखरेने कंडक्टिव्हिटी वाढत नाही, मीटरला दिसतात ते रसातील क्षार, त्यामुळे गळती बारीक असेल तर मीटर गप्प राहतो. मीटर असावा, पण तासातासाची चाचणी बंद करू नये.

साखर आत गेलीच, तर ती बॉयलरच्या तापमानाला विघटित होऊन सेंद्रिय आम्ले तयार होतात, पीएच घसरतो, पाणी फेसाळते आणि तो फेस वाफेबरोबर सुपरहीटर व टर्बाइनपर्यंत पोहोचतो. उरलेला कोळशासारखा अंश ट्यूबवर चिकटतो. अशा वेळी दूषित कंडेन्सेट ताबडतोब तोडावे, लोड कमी करावा, ब्लोडाऊन वाढवून साठ्यातील स्वच्छ पाणी द्यावे आणि कॉस्टिक सोड्याने पीएच सावरावा. तपकिरी रंग दिसल्यावर नव्हे, पीएच घसरू लागताच हे सुरू करावे. रंग उशिरा येतो. उच्च दाबाच्या सहवीजनिर्मिती बॉयलरमध्ये सवलत आणखी कमी असते, आणि तेथे बॉयलर थांबवण्याचा निर्णय शिफ्ट इंजिनिअरने वेळेत घेतलेला परवडतो.

प्रश्न : आमच्या अन्नप्रक्रिया कारखान्यात गेल्या वर्षी सॉफ्टनर काढून आरओ बसवला. ब्लोडाऊन खूप कमी झाला, इंधनही वाचले. परंतु आता फीड टॅंकच्या तळाशी लालसर गाळ साचतो आणि फीड लाइनला बारीक छिद्रे पडली. पाणी इतके शुद्ध असताना गंज का?
— मेंटेनन्स विभाग, नाशिक

उत्तर : शुद्ध आहे म्हणूनच. सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर असे. बॉयलरमध्ये त्याचे विघटन होऊन कार्बोनेट आणि पुढे कॉस्टिक तयार होई, आणि बॉयलरच्या पाण्याला लागणारा ११ ते १२ चा पीएच आपल्याला फुकटात मिळत असे. आरओची मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, हे क्षार अडवते, परंतु पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू ती अडवू शकत नाही. त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्यात आम्ल उतरवायला क्षार नाहीत, वायू मात्र आहे, आणि पीएच ६ च्या खालीही दिसू शकतो. त्यात हवेतील ऑक्सिजनही तसाच विरघळलेला असतो. असे पाणी साध्या लोखंडाच्या टाकीत आणि पाइपात गेले, तर ते लोखंड खाणारच.

ब्लोडाऊनचा फायदा खरा आहे आणि तो सोडू नये. फीडचा टीडीएस ४०० वरून २० वर आला, तर पहिल्या उत्तरातील हिशेबाने ब्लोडाऊन १३ टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली येतो. पण आरओ बसवणाऱ्याने जुनीच केमिकल योजना चालू ठेवली असेल, तर ती नव्या पाण्याला लागू पडत नाही. आता अल्कलिनिटी बाहेरून द्यावी लागेल, कॉस्टिक किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटच्या रूपाने, आणि ती फीड लाइनच्या आधीच मिळेल अशी डोझिंगची जागा ठरवावी लागेल.

ऑक्सिजनचा पहिला इलाज केमिकल नसून उष्णता आहे. २५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ९० अंशाला तो दीड-दोन मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. सोडियम सल्फाइट वापरत असाल तर १ भाग ऑक्सिजनमागे सुमारे ८ भाग सल्फाइट लागते, शिवाय बॉयलरच्या पाण्यात थोडे शिल्लक राहावे लागते. म्हणजे थंड टाकीतील प्रत्येक घनमीटरमागे ६० ग्रॅमहून अधिक, आणि गरम टाकीत त्याच्या चौथाईएवढे. कंडेन्सेट परत आणून टाकी ८५ ते ९० अंशांवर ठेवल्यास सल्फाइट तर वाचतेच, शिवाय फीड वॉटरच्या दर ६ अंश वाढीमागे इंधनात सुमारे १ टक्का बचत धरली जाते. एवढे गरम पाणी फीड पंपाला चालेल का, हे मात्र आधी पाहावे. टाकी पुरेशा उंचीवर नसेल तर पंपाच्या तोंडाशीच पाण्याची वाफ होते आणि पंप खडखडू लागतो. काही ठिकाणी हा आवाज बंद करण्यासाठी टाकीतच थंड पाणी सोडतात, म्हणजे पंपाचा त्रास बॉयलरच्या माथी मारला जातो.

छिद्र पडलेला पाइप फेकून न देता लांबीत कापून पाहावा. आतून लालसर फोड, तो खरवडल्यावर खाली काळी भुकटी आणि तिच्याखाली खोल खड्डा दिसला, तर काम ऑक्सिजनचे आहे. कंडेन्सेटच्या आडव्या पाइपात तळाशी नाली कोरल्यासारखी झीज दिसली किंवा आट्यांच्या जोडापाशी धातू पातळ झालेला दिसला, तर ते कार्बन डायऑक्साइडचे काम. दोहोंचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी अमाइन (वाफेबरोबर जाऊन आम्लता मारणारे केमिकल) देण्याची पद्धत आहे, पण आपल्याकडे वाफ थेट अन्नपदार्थाला लागत असेल तर कोणते अमाइन, किती प्रमाणात आणि त्याला अन्नसंपर्कासाठी परवानगी आहे का, हे लेखी घेतल्याशिवाय थेंबही घालू नये. हायड्रॅझिनचा (ऑक्सिजन काढणाऱ्या विषारी केमिकलचा) तर अशा ठिकाणी विचारही नको.

प्रश्न : रुग्णालयाच्या एसी प्लॅंटसाठी कूलिंग टॉवर आहे. फिरणारे पाणी ताशी १०० घनमीटर आणि तापमानातील फरक ५ अंश. उन्हाळ्यात टॅंकर घ्यावा लागतो. एक कंपनी म्हणते की त्यांच्या केमिकलने सीओसी १० पर्यंत नेता येईल आणि पाणी निम्मे लागेल. दुसरी कंपनी चुंबकीय यंत्र लावा, केमिकल नकोच, असे सांगते.
— अभियंता, पुणे

उत्तर : सीओसी म्हणजे टॉवरमधील पाण्यातले क्षार भरणाच्या पाण्याच्या किती पट झाले, ते. आधी आपल्या टॉवरचा हिशेब करू. ताशी ५ लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकायची आहे आणि दर १० लाख किलोकॅलरीमागे सुमारे १.८ घनमीटर पाणी वाफ होते, म्हणजे ताशी ०.९ घनमीटर. हे बाष्पीभवन थांबवता येत नाही, गारवा त्यातूनच मिळतो. ब्लोडाऊन मात्र सीओसीवर अवलंबून असतो : बाष्पीभवन भागिले (सीओसी वजा १). सीओसी २ असताना एकूण भरणा ताशी १.८ घनमीटर लागेल, ३ असताना १.३५, ५ असताना १.१२५ आणि १० असताना १. चोवीस तासांत २ वरून ५ वर गेल्याने १६ घनमीटर पाणी वाचते, म्हणजे दहा हजार लिटरचा दीड टॅंकर. ५ वरून १० वर गेल्याने फक्त ३ घनमीटर. आपण आज २ वर असाल तर कंपनीचे "निम्मे" हे विधान जवळजवळ खरे ठरते, पण त्यातला बहुतेक फायदा ५ वरच पदरात पडलेला असतो. त्यापुढचा धोका तीन घनमीटरसाठी घ्यायचा का, हे आपण ठरवावे. माझे मत घेऊ नये असे आहे. उन्हाळ्यात टॅंकरचे पाणी कुठल्या बोअरचे येते ते रोज बदलते, आणि १० पट संहत झालेल्या पाण्यात चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

केमिकल खरोखर काम करते आहे की नाही, हे तपासण्याची एक पद्धत फारशी कोणी वापरत नाही. कंडक्टिव्हिटीवरून सीओसी काढावा आणि त्याच दिवशी कॅल्शियम हार्डनेसवरूनही काढावा. कंडक्टिव्हिटी ५ पट झाली आणि कॅल्शियम ३.५ पटच दिसले, तर उरलेले कॅल्शियम कुठेतरी बसले आहे, बहुधा कंडेन्सरच्या ट्यूबमध्ये, कारण तिथे पाणी सर्वांत गरम असते. सोबत चिलरचा कंडेन्सर अॅप्रोच (कंडेन्सरमधील गॅस आणि तेथून बाहेर पडणारे पाणी यांच्या तापमानातला फरक) रोज एकाच लोडला नोंदवावा. तो हळूहळू वाढू लागला, की ट्यूबवर थर चढतो आहे असे समजावे. क्लोराइडवरून सीओसी काढण्याची पद्धत आहे, पण आपण हायपो (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) टाकत असाल तर तोच क्लोराइड वाढवतो आणि आकडा फसवा येतो.

चुंबकीय यंत्रांबद्दल : वेगवेगळ्या ठिकाणचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि टॉवरमध्ये शिरलेला क्षार चुंबकाने नाहीसा होत नाही. कंपनीला वरील दोन्ही नोंदींच्या आधारे एका हंगामाची चाचणी द्यायला सांगावे आणि पैसे त्यानंतर द्यावेत. त्यावर ती काय म्हणते, ते ऐकण्यासारखे असेल.

आपल्या पत्रात नसलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब जंतूंची आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली, आणि पुढच्या वर्षी त्यामागचा लेजिओनेला हा जंतू ओळखला गेला. २५ ते ४५ अंशांचे पाणी, गाळ आणि शेवाळ हे त्याचे घर, आणि टॉवरमधून उडणारे बारीक तुषार हे त्याचे वाहन. आपल्याकडे आसपास आधीच प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण आहेत. तेव्हा ड्रिफ्ट एलिमिनेटर (तुषार अडवणाऱ्या पट्ट्या) तुटलेले नाहीत ना, टॉवरचे तुषार हवा आत घेणाऱ्या खिडक्यांकडे किंवा एअर हॅंडलिंग युनिटकडे जात नाहीत ना, हे आजच जाऊन पाहावे. सीओसी वाढला की पाण्याचा पीएच ८.५ किंवा त्याहून वर जातो, आणि त्या पीएचला हायपोमधील क्लोरीनपैकी जेमतेम एक दशांश भाग जंतुनाशक म्हणून खऱ्या ताकदीचा उरतो. अशा पाण्यात ब्रोमीनवर आधारित जंतुनाशक अधिक उपयोगी पडते, आणि अधूनमधून बिगर-ऑक्सिडीकारक बायोसाइड (जंतुनाशक) बदलून द्यावे लागते. बेसिनमधील गाळ हाताने काढणाऱ्या कामगाराला योग्य मास्क दिल्याशिवाय आत उतरवू नये.

प्रश्न : दुग्धप्रक्रिया केंद्रात ताशी ५ घनमीटरचा आरओ आहे. मेम्ब्रेन वर्षभरही टिकत नाहीत. प्रत्येक वेळी आम्ही आधी आम्लाने, मग अल्कलीने धुतो. या हिवाळ्यात उत्पादन पुन्हा घटले आहे. मेम्ब्रेन बदलाव्या का?
— प्लॅंट ऑपरेटर, सोलापूर

उत्तर : आधी हिवाळ्याचा भाग वजा करावा. पाणी १ अंशाने थंड झाले की त्याच दाबाला मेम्ब्रेनमधून येणारे पाणी सुमारे ३ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात ३२ अंशांचे पाणी डिसेंबरात २२ अंशांवर आले असेल, तर पाव हिस्सा उत्पादन घटणे हा बिघाड नव्हे. तापमानाची दुरुस्ती करून काढलेला प्रवाह १० ते १५ टक्क्यांनी घटला किंवा पुढच्या-मागच्या दाबातला फरक तेवढा वाढला, तरच धुलाई करावी. फार उशीर केला तर मात्र धुलाईने काही निघत नाही.

धुलाईचा क्रम बहुतेक वेळा उलटा असावा. गाळ सेंद्रिय किंवा जिवाणूंचा असेल आणि त्यावर आधी आम्ल गेले, तर तो घट्ट होऊन बसतो. पीएच १२ च्या आसपासच्या अल्कली द्रावणाने सुरुवात करावी, तापमान मेम्ब्रेनच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, बहुधा ३०-३५ अंशांवर ठेवावे, स्वच्छ पाण्याने धुऊन मग २ टक्के सायट्रिक आम्ल फिरवावे. अडथळा निव्वळ कार्बोनेटचा आहे अशी खात्री असेल तरच आम्ल आधी.

मेम्ब्रेन कशाने मेली, हे तिचे आकडे सांगतात. पाणी कमी झाले आणि पहिल्या व्हेसलचा (मेम्ब्रेन बसवलेल्या नळीचा) दाबफरक वाढला, तर गाळ किंवा जिवाणू, एसडीआय मोजावा. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टर कागदातून ठरलेल्या दाबाला १५ मिनिटे पाणी घालवून काढलेला हा निर्देशांक ५ च्या आत, शक्यतो ३ च्या आत हवा. कागद पिवळट-तपकिरी झाला तर लोह आहे. शेवटच्या मेम्ब्रेनमध्येच बिघाड असेल, तर स्केल. ७५ टक्के रिकव्हरीला (शंभर लिटरमागे ७५ लिटर शुद्ध पाणी) रिजेक्टमधील, म्हणजे टाकून दिलेल्या पाण्यातील, क्षार ४ पट होतात. भरणाच्या पाण्यात ४० मिलिग्रॅम सिलिका असेल तर शेवटी ती १६० झाली, आणि २५ अंशांना पाण्यात साधारण १२० पर्यंतच मावते. अँटीस्केलंट (स्केल बसू न देणारे केमिकल) चांगला असेल तर थोडी सवलत मिळते, पण त्यावर विसंबण्यापेक्षा रिकव्हरी ६५ टक्क्यांवर आणावी, म्हणजे ती ११५ च्या आत राहते.

तिसरा प्रकार उलटा असतो : पाणी वाढते आणि त्याबरोबर टीडीएसही वाढतो. ऑपरेटर पहिल्या आठवड्यात खूश असतो. ही क्लोरीनने फाटलेली मेम्ब्रेन. पॉलिअमाइडला, म्हणजे मेम्ब्रेन ज्याची असते त्या द्रव्याला, क्लोरीन सोसत नाही. उत्पादक साधारण २०० ते १००० पीपीएम-तासांमध्ये (लिटरमधले मिलिग्रॅम गुणिले तास) नुकसान सुरू होते असे सांगतात. पाण्यात अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन सतत राहिला तर दिवसाला १२ पीपीएम-तास भरतात, म्हणजे कमी मर्यादा सतरा दिवसांतच ओलांडली जाते. एसएमबीएसचा (क्लोरीन मारणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटचा) डोझिंग पंप चालू दिसतो, पण त्याच्या टाकीतले द्रावण जुने झाले की ते हवेतील ऑक्सिजननेच खर्ची पडते. द्रावण दोन-तीन दिवसांपुरतेच करावे आणि आरओच्या तोंडाशी क्लोरीनची चाचणी दर पाळीत घ्यावी. क्लोरीन सापडला तर पंप बंद करण्याची मुभा पाळीवरच्या माणसाला लेखी द्यावी.

रिजेक्टच्या पाण्याचे काय, असे आपण तळटीपेत विचारले आहे. ते बंद पडलेल्या बोअरमध्ये किंवा विहिरीत सोडू नये, तेच क्षार काही वर्षांनी आपल्याच भरणात परत येतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटीही मोडतात. त्यातील हार्डनेस व टीडीएस पाहून फरशी धुण्यास, टॅंकर बाहेरून धुण्यास किंवा शौचालयात ते चालते. झाडांना देण्यापूर्वी सोडियमचे प्रमाण तपासून घ्यावे.